मिक्सर घ्यायचा, पण कोणता?

'मिक्सर' म्हटले की मराठी घराला प्रथम स्वयंपाकघर आठवते, आणि 'डीजे' म्हटले की मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांची भिंत. सांगली-कोल्हापूर भागात तर त्या भिंतीला 'डॉल्बी' असेच नाव पडले आहे. वस्तुतः रे डॉल्बी या अमेरिकी अभियंत्याने १९६५ मध्ये लंडनला आपली प्रयोगशाळा काढली ती ध्वनिफितीवरील खरखर कमी करण्यासाठी. खरखर घालवणाऱ्याचे नाव गोंगाटाला चिकटले, हा शब्दांचा दैवयोग म्हणावा लागेल. अशा शब्दांमुळेच, घरातील एखाद्या मुलाने "मला डीजेचा मिक्सर घ्यायचा आहे" असे म्हटले, की चर्चा यंत्राची होत नाही. मुलाच्या वळणाची होऊ लागते. वस्तू काय आहे, ती काय काम करते, तिला किती पैसे द्यावेत, हे व्यापाऱ्याच्या घरात एरवी सर्वांत आधी विचारले जाणारे प्रश्न नेमके त्याच वेळी मागे पडतात.

सांगलीत हळदीची अडत करणाऱ्या एका कुटुंबात असेच घडले. धाकटा मुलगा पुण्यात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होता. नववी-दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्याने २५,००० रुपये साठवले होते आणि त्यातून त्याला डीजेचे साहित्य घ्यायचे होते. आई म्हणाली, "मिक्सर घरात आहे की, गेल्याच वर्षी घेतला." हसण्यावारी जाणारी गोष्ट तेथे थांबली असती, पण वडील हसले नाहीत. आज मिक्सर, उद्या रात्री-अपरात्रीची लग्ने, परवा दुकानाला कुलूप, असा हिशेब त्यांनी मनात मांडून टाकला होता. "पैसे माझे आहेत," असे मुलगा बोलून गेला. हे वाक्य वडिलांच्या जिव्हारी लागले. पुढचे तीन आठवडे बाप-लेकांत फोनवर बोलणे नव्हते. खुशाली आईच्या मार्फत कळत होती.

घरात सर्वजण ज्यांना अण्णा म्हणतात ते आजोबा तोवर गप्प होते. अडतीच्या पेढीवर त्यांनी पन्नासाहून अधिक वर्षे काढली. दिवाळीच्या सुटीत नातू घरी आला तेव्हा ते एवढेच म्हणाले, "पैसे कुणाचे हा वाद मागाहून घाला. माल न पाहता भावावर भांडण कसले करता? आधी माल काय आहे तो मला सांग." त्यांनी नातवापुढे एक कोरा कागद ठेवला आणि त्यावर तीन रकाने आखले. ही वस्तू काय काम करते. तिच्यावाचून काम अडते का. वर्षाने विकायची झाली तर किती येतील. प्रत्येक वस्तू या तीन रकान्यांतून गेली पाहिजे, ही त्यांची अट होती.

नातवाने आरंभापासून सांगितले. एक गाणे चालू असते. ते संपण्याआधी दुसरे सुरू करून, दोहोंचा ताल जुळवून, ऐकणाऱ्याला सांधा कळणार नाही अशा रीतीने पहिले खाली आणि दुसरे वर न्यायचे. त्यासाठी दोन गाण्यांचे दोन मार्ग लागतात. प्रत्येक मार्गावर आवाज मुळात किती घ्यायचा ते ठरवणारी एक कळ, उंच, मधल्या आणि खर्जातल्या स्वरांसाठी तीन कळा आणि आवाज वर-खाली करणारी एक सरकपट्टी असते. दोन्ही मार्गांच्या मध्ये आडवी सरकपट्टी असते. ती डावीकडे नेली की डावे गाणे, उजवीकडे नेली की उजवे, मध्ये ठेवली की दोन्ही. हिलाच क्रॉसफेडर म्हणतात. आणि सर्वांत महत्त्वाचे, 'क्यू' नावाचे बटण. ते दाबले की दुसरे गाणे फक्त वाजवणाऱ्याच्या हेडफोनमध्ये ऐकू येते. सभागृहात त्याचा मागमूस नसतो.

अण्णांनी तेथे त्याला थांबवले. "म्हणजे सौदा बोलण्याआधी वानगी बघायची." हळदीच्या बाजारात वानगीतले हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याखेरीज कोणी भाव बोलत नाही. नातवाला ही तुलना सुचली नव्हती. पण ती अचूक होती. डीजेच्या मिक्सरचा इतिहासही याच गरजेतून निघाला आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभी ॲलेक्स रोझनर या ध्वनितंत्रज्ञाने तेथील एका नृत्यगृहासाठी लाल रंगाचा एक मिक्सर स्वतः बांधला. 'रोझी' या नावाने तो ओळखला जाई. पुढचे गाणे आधी कानात ऐकून घेण्याची सोय हेच त्याचे वैशिष्ट्य होते. ज्या यंत्रात वानगी पाहता येत नाही ते डीजेच्या कामाचे नाही, मग त्याला कितीही दिवे असोत. कागदावर ही पहिली कसोटी लिहिली गेली.

नातवाच्या मनात होता तो स्वतंत्र मिक्सर. पुण्यातील एका लग्नात त्याने चार मार्गांचा मोठा मिक्सर पाहिला होता. तो लाखाच्या घरातला; परवडणारा नव्हे. म्हणून त्याने दोन मार्गांचा एक स्वस्त मिक्सर हेरून ठेवला होता. अण्णांनी पहिल्या रकान्यात विचारले, "याच्यात गाणी कुठून येणार?" येथे अडचण उघड झाली. स्वतंत्र मिक्सर गाणे वाजवत नाही. बाहेरून आलेले दोन आवाज तो एकत्र करतो. ते आवाज पुरवायला दोन तबकड्या वाजवणारी यंत्रे, किंवा दोन डिजिटल प्लेअर, किंवा लॅपटॉप हवा. नातवाकडे लॅपटॉप होता. परंतु साध्या लॅपटॉपला हेडफोनचे एकच छिद्र असते. त्यातून डाव्या-उजव्या आवाजाची एकच जोडी बाहेर येते. दोन गाणी स्वतंत्रपणे मिक्सरपर्यंत न्यायची तर दोन जोड्या, म्हणजे चार मार्ग, बाहेर काढणारे साउंड कार्ड वेगळे घ्यावे लागते. शिवाय गाणे सुरू करणे, थांबवणे, त्याचा वेग बदलणे हे सारे माऊसनेच करावे लागणार. मिक्सर स्वस्त, पण त्याच्या मागून येणारा खर्च त्याच्याहून मोठा. पेढीवर अशा मालाला काय म्हणतात ते अण्णांनी सांगितले नाही. त्यांनी दुसऱ्या रकान्यात फक्त एक आडवी रेघ ओढली.

मग कंट्रोलरचा विचार झाला. कंट्रोलर हे एका खोक्यात मांडलेले दोन प्लेअर आणि मधला मिक्सर असे दिसते. प्रत्यक्षात गाणी लॅपटॉपमध्ये असतात, मिसळण्याचे गणितही तेथेच होते. कंट्रोलरवरची कळ फिरवली की तारेतून आवाज जात नाही. 'अमुक कळ अमुक जागी आहे' एवढा निरोप जातो. अशा निरोपांची मिडी नावाची भाषा १९८३ मध्ये वाद्यनिर्मात्यांनी मिळून ठरवली आणि ती आजही चालते. अण्णांना हे लगेच उमगले. माल गोदामात असतो, पेढीवरून जाते ती चिठ्ठी. गोदामातून निघालेला माल मात्र दोन दारांनी बाहेर यायला हवा. एक दार सभागृहाकडे, दुसरे वाजवणाऱ्याच्या कानाकडे. बहुतेक कंट्रोलरमध्ये ही दोन दारे असलेले साउंड कार्ड आतच बसवलेले असते. म्हणजे मिक्सर, साउंड कार्ड आणि दोन प्लेअरच्या कळा, हे सारे एकाच किमतीत.

'बहुतेक' हा शब्द येथे जपून वाचायला हवा. पायोनियर डीजेचा २०१९ मध्ये आलेला डीडीजे-२०० हा कंट्रोलर नवशिक्यांसाठी स्वस्तात निघाला. पण त्यात साउंड कार्ड नव्हते. सोबत दुभागणारी तार मिळे. तिने डाव्या-उजव्या आवाजाच्या एकाच जोडीचे दोन भाग होतात, एक भाग स्पीकरला आणि दुसरा हेडफोनला. काम चालते, परंतु दोन्हीकडे एकेरी आवाज जातो. त्याउलट न्यूमार्कचा डीजे२गो२ टच आकाराने पट्टीएवढा असूनही त्यात साउंड कार्ड आहे. हर्क्युलिसच्या इनपल्स ३०० मध्ये साउंड कार्डाखेरीज वेग आणि ताल कोणत्या दिशेने चुकतो आहे ते दाखवणारे दिव्यांचे बाण आहेत; शिकणाऱ्याला ते उपयोगी पडतात. पायोनियर डीजेचा २०२२ चा डीडीजे-एफएलएक्स४ याच वर्गातील, थोडा वरच्या किमतीचा. नाव कोणतेही असो, खोक्यावर हेडफोनसाठी एक आणि स्पीकरसाठी एक, अशी दोन स्वतंत्र आउटपुट आहेत की नाहीत हे पाहिल्याखेरीज पैसे मोजू नयेत.

हेडफोनबद्दलही नातवाचा एक समज दुरुस्त झाला. त्याच्याकडे बिनतारी हेडफोन होते. तेच वापरू असे तो म्हणत होता. बिनतारी हेडफोनमध्ये आवाज सामान्यतः एक-दोन दशांश सेकंद उशिरा पोहोचतो, कधी त्याहूनही अधिक. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांतले अंतर अर्ध्या सेकंदाचे. एवढ्या उशिरा आलेल्या आवाजावर ताल जुळवणे म्हणजे काल छापलेल्या दरावर आजचा सौदा करणे. लॅपटॉपमध्येही थोडा विलंब होतोच. परंतु आवाजाचे २५६ नमुन्यांचे तुकडे केले, तर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने एका तुकड्याला ६ मिलिसेकंदांहून कमी वेळ लागतो. तो कानाला जाणवत नाही. तेव्हा कान पूर्ण झाकणारे, तारेचे हेडफोन हवेत. बाहेरचा आवाज त्यांनी अडवला तर आतला आवाज वाढवावा लागत नाही, हाही लाभ. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपेक्षा अधिक ऐकू नये आणि पुढे दर ३ डेसिबल वाढीला ती वेळ निम्मी करावी, अशी अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस आहे. या हिशेबाने ९४ डेसिबलला एकच तास उरतो.

उरलेल्या गोष्टींत काय ठेवावे आणि काय सोडावे, हे तिसऱ्या कागदावर आले. ठेवायच्या गोष्टी हाताला शिकवणाऱ्या होत्या. दोन्ही मार्गांना उंच, मध्य आणि खर्ज अशा तीन वेगळ्या कळा असाव्यात. कारण दोन गाण्यांचे खर्ज एकत्र आले की आवाज गढूळ होतो, आणि एकाचा खर्ज काढून दुसऱ्याला जागा देणे हा मिसळण्याच्या कामाचा पहिला धडा आहे. वेगाची सरकपट्टी जितकी लांब तितकी बरी. तिचे निरोप १२८ पायऱ्यांत जात असतील आणि वेग दोन्हीकडे ८ टक्के बदलता येत असेल, तर १२० ठोक्यांच्या गाण्यात एक पायरी सुमारे ०.१५ ठोक्यांची पडते. चांगल्या यंत्रांत पायऱ्या याहून पुष्कळ बारीक असतात. आवाजाची पातळी दाखवणारे दिवे असावेत. लाल दिवा सतत लागला म्हणजे आवाज मोठा झाला असे नव्हे. तो वरून कापला जाऊ लागला असे समजावे. सोडायच्या गोष्टी दिसायला सुंदर होत्या. चार मार्ग, रंगीत पॅडांच्या रांगा, चाकांमधले पडदे यांतले काहीही पहिल्या वर्षी अडत नाही. लग्नकार्यात निवेदन करायचे असेल तर माइकची जोडणी मात्र उपयोगी; ती मिळाली तर घ्यावी.

किमतीच्या चिठ्ठीवर नसलेला एक खर्च सॉफ्टवेअरचा. काही कंट्रोलरसोबत त्याची प्राथमिक आवृत्ती मिळते आणि ध्वनिमुद्रणासारख्या सोयींसाठी पुढे पैसे मागितले जातात. काही कंट्रोलर जोडताच सॉफ्टवेअरचा पुष्कळसा भाग विनाशुल्क खुला होतो. मिक्स हे नाव असलेले एक मुक्त सॉफ्टवेअर तर मुळातच फुकट आहे आणि अनेक कंट्रोलर त्याला चालतात. विकत घेण्याआधी हे सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चढवून महिनाभर नुसत्या कळफलकावर सराव करावा, असे अण्णांनी सुचवले. उत्साह महिनाभर टिकला तर यंत्र घ्यावे. मुलाने तो महिना पाळला.

जुने यंत्र घेण्याचाही विचार झाला. पुण्यातील बुधवार पेठ किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दोन्हीकडे ध्वनियंत्रांची बाजारपेठ आहे. जुन्या मालात काय तपासावे याची यादी नातवानेच केली. सरकपट्ट्या हलवताना खरखर येते का. चाके दोन्ही दिशांना सारखी फिरतात का. यूएसबीची जागा सैल झाली आहे का. आणि लॅपटॉपच्या सध्याच्या प्रणालीवर ते यंत्र अजून चालते का. शेवटचा मुद्दा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. यंत्र धडधाकट असते, पण कंपनीने त्याची जोडणी सांभाळणे सोडलेले असते. मग ते फुकटातही महाग. नव्या मालाला जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. हमीसाठी ते लागते, आणि वर्षाने विकताना बिल जोडले तर मालाला भाव येतो. हा अण्णांचा तिसरा रकाना.

स्वतंत्र मिक्सर निरर्थक असतो असे यातून कोणी समजू नये. ज्यांच्या घरी जुन्या तबकड्या आहेत त्यांना तोच हवा. तबकडीच्या सुईतून येणारा आवाज अतिशय क्षीण, काही मिलिव्होल्टचा असतो आणि त्याचे उंच-खर्ज स्वर ठरावीक प्रमाणात बदललेले असतात. ते पूर्ववत करणारी 'फोनो' नावाची जोडणी अशा मिक्सरमध्ये असते, बहुतेक स्वस्त कंट्रोलरमध्ये नसते. दोघे-तिघे मिळून वाजवणार असतील, आपापली यंत्रे आणून जोडणार असतील, तरीही स्वतंत्र मिक्सर योग्य. फक्त एकट्या नवशिक्याने, एका लॅपटॉपवर, मर्यादित पैशांत आरंभ करताना तो घेण्याचे कारण नाही.

अखेरीस कागदावर हिशेब असा उतरला. साउंड कार्ड असलेला दोन मार्गांचा कंट्रोलर १७,००० रुपये; तारेचे हेडफोन ४,५००; तारा आणि लॅपटॉप उंचावर ठेवण्याचा स्टँड १,५००. एकूण २३,०००. उरलेले २,००० शिल्लक. स्पीकर शून्य, दिवाणखान्यातील जुन्या टेपरेकॉर्डरच्या मागे बाहेरचा आवाज घेण्याची जागा होतीच. कार्यक्रम मिळाला तर स्पीकर भाड्याने घ्यावेत, असे ठरले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई आहे. हे वाचून आईची अर्धी चिंता मिटली. ज्या भिंतीची तिला धास्ती होती तिचा या कागदावर एक रुपयाही नव्हता.

यंत्र आले. नातवाने त्यासाठी एक लहान वही घातली. किती तास सराव केला, कोठे चुकले, काय जमले, रोज दोन ओळी. उन्हाळ्याच्या सुटीत तो घरी होता. एके रात्री वडील पेढीवरून उशिरा आले. टेबलावर वही उघडी होती. त्यांनी ती उभ्यानेच वाचली. आकडे खाडाखोड नसलेले, तारीखवार, पेढीच्या रोजकीर्दीसारखे. मग ते शेजारी बसले आणि हेडफोन मागितले. दोन मिनिटे ऐकून म्हणाले, "हे दुसरे मागे पडतेय." ते खरेच मागे पडत होते. मुलाने सरकपट्टी किंचित हलवली. "आता आले," वडील म्हणाले. सौद्याच्या गलबल्यात नेमका आपला पुकार ओळखणाऱ्या कानांना तालातला फरक कळला, यात नवल नाही. मुलाला मात्र ते त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हते.

दुकान पुढे कोण पाहणार, हा प्रश्न त्या घरात अजून सुटलेला नाही, आणि तो कंट्रोलरमुळे सुटण्यासारखाही नव्हता. बदल झाला तो एवढाच, की तो प्रश्न आता समोरासमोर बसून बोलला जातो. मुलगा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. महाविद्यालयाच्या दोन समारंभांत त्याने वाजवले. स्पीकर भाड्याचे होते, भाडे वजा जाता हाती आलेली रक्कम वहीत लिहिलेली आहे. यंदाच्या हळदीच्या हंगामात तो दहा दिवस सौद्यालाही उभा राहिला. ते तो स्वतःहून आला होता.

तरुण मुले असलेल्या प्रत्येक घरात आज ना उद्या असा एखादा अनोळखी माल दाराशी येतोच. कधी मिक्सर, कधी कॅमेरा, कधी आणखी काही. तेव्हा मुलालाच कागद देऊन हे तीन रकाने भरायला सांगावेत. मोठ्यांनी शेजारी बसून विचारत राहावे, उत्तरे मात्र मुलाने शोधावीत. ज्याला ती सापडतील त्याने यंत्र घ्यावे. ज्याला सापडणार नाहीत त्याचा आग्रह बहुधा कागद भरतानाच निवळेल.